बांधाला खांड, भातशेतात तिवरे : खारपट्ट्यातील शेतकऱ्यांनी काय करावे?

पेण-अलिबाग पट्ट्यात मोठे उधाण आले की ठरलेली बातमी येते : खारबंदिस्तीला खांड गेली, खारे पाणी भातशेतात शिरले. बातमी दोन दिवसांत जुनी होते. जमिनीवरचा परिणाम मात्र कित्येक वर्षे राहतो.

जगाची सरासरी समुद्रपातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सें.मी. वाढली. 2006 नंतर वाढीचा वेग वर्षाला 3.7 मि.मी. झाला. आकडा लहान वाटतो, पण मातीचा बांध दरवर्षी खचतो आणि उधाणाचे पाणी वर चढते. त्यात जून 2020 मधले ‘निसर्ग’ आणि मे 2021 मधले ‘तौक्ते’ ही वादळे आली. तरीही सगळा दोष समुद्राचा नाही. पूर्वी गाव श्रमदानाने बांध राखत असे. 1979 च्या खारजमीन विकास कायद्यानंतर हे काम शासनाकडून अपेक्षित झाले, गावाची सवय सुटली. खेकड्याचे बीळ एका माणसाला चिखलाच्या चार गोळ्यांनी बुजवता येते. निविदा निघेपर्यंत त्याची खांड झालेली असते.

खांड गेल्यावर घाई का हवी, हे नीट समजून घ्या. तिवराच्या बिया पावसाळ्यात भरतीबरोबर वाहत येतात आणि चिखलात लगेच रुजतात. जूनमध्ये फुटलेला बांध तसाच राहिला, तर दिवाळीपर्यंत शेतात रोपे उभी दिसतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार राज्यात कांदळवन तोडण्यास बंदी आहे, मग जमिनीची मालकी कोणाचीही असो. म्हणजे सातबारा तुमच्या नावावर, पण नांगर घालता येत नाही. म्हणून खांड गेली त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा. तलाठी आणि खारभूमी विभाग, दोघांनाही लेखी कळवून पोच घ्या. तिवरे उगवण्यापूर्वी तेथे भातशेती होती, याचा तोच पुरावा.

याचा अर्थ तिवरे शत्रू आहेत असा नाही. बांधाबाहेरचा तिवरांचा पट्टा लाटेचा जोर मोडतो. कोळंबी, खेकडे, जिताडा यांची पिल्ले तिथेच वाढतात. बांधाबाहेर तिवर, आत भात, ही जुनी विभागणीच योग्य.

बांध दुरुस्त झाला की जमिनीतला क्षार धुवा. कोकणातला पाऊस हे यासाठी सर्वांत स्वस्त औषध. खाचरात 10-15 सें.मी. गोडे पाणी काही दिवस साठवा, ओहोटीला उघाडीतून सोडा, पुन्हा साठवा. मग माती तपासा. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता (ईसी) 3 डेसीसायमनच्या वर गेली की साध्या भाताचे उत्पन्न घटू लागते. प्रयोगशाळा पुष्कळदा माती-पाणी 1:2.5 पद्धतीने ईसी काढते. तो आकडा कमी दिसतो, म्हणून पद्धत विचारूनच तुलना करा. सामू 8.5 पेक्षा कमी असेल तर जिप्समवर पैसे घालू नका.

वाण पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे घ्या : पनवेल-1, 2 किंवा 3. भाताला क्षार सर्वाधिक बाधतो तो कोवळ्या रोपात आणि फुलोऱ्यात. म्हणून 25 ते 30 दिवसांची रोपे, एका चुडात चार-पाच, अशी लावा. फुलोऱ्याच्या वेळी खाचर कोरडे पडू देऊ नका, खालचा क्षार वर येतो.

ज्यांच्या शेतात तिवरे आधीच दाट झाली आहेत, त्यांना खोटी आशा देणे मला पटत नाही. तिथे भात परत येणे कठीण आहे. कांदळवन कक्षाच्या 2017 पासूनच्या उपजीविका योजनेत गटांना खेकडापालन, पिंजऱ्यातील जिताडा अशा कामांसाठी अनुदान मिळते. त्यासाठी गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती लागते. ती झाली आहे का, हे ग्रामसेवकाला आधी विचारा.