काजू आपला, मग खलाशाचं पोर परकं कसं?



परिसर अभ्यासात 'आपला परिसर' शिकवताना आपण मुलांना बंदर, देऊळ, बाजार, किल्ला विचारतो. इथली माणसं आली कुठून, हे मात्र विचारत नाही. मालवणात तरी ते विचारायलाच हवं, असं माझं मत आहे.

दांडी, मेढा, धुरीवाडा इथे दुपारी फिरून बघा. माडांची सावली, सुकत घातलेली जाळी, बाकी सगळं शांत. वाटतं, हे पहिल्यापासून असंच असणार! पण सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धर्मछळामुळे गोव्यातून बाहेर पडलेली कितीतरी कुटुंबं या पट्ट्यात स्थिरावली. शेजारच्या वेंगुर्ल्यात 1637 मध्ये डचांनी वखार घातली. ज्या काजूचा आपण एवढा अभिमान बाळगतो, तो मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला. पाव, चावी, पगार हे शब्दही त्यांचेच. वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात, "बाई, म्हणजे काजू पण पावणो?"

आता आजचे पाहुणे बघा. बोटींवर नेपाळ, कर्नाटकातून खलाशी येतात, काही जण बायकापोरांसह. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून ही कुटुंबं गावी जातात. शाळा मात्र जूनच्या मध्यावर उघडते. मूल ऑगस्टमध्ये येतं आणि आपण त्याला 'अनियमित' ठरवून मोकळे होतो. वर्गातही त्याला नावानं कोण हाक मारतं? 'नेपाळी' म्हटलं की झालं.

वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं, मागे पडलं तर विशेष प्रशिक्षण द्यायचं, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. डीएडला आपण सगळ्यांनी ते पाठ केलंय. तरीही 'कागद आणा, मग बघू' असं सांगून पालकाला परत पाठवल्याचं कानावर येतंच.

पालकहो, तुमच्या घरातल्या आजोबांना एकदा विचारा, मुंबईला गिरणीत लागले तेव्हा गावाच्या खोलीत किती जण झोपायचे, आणि तिथे त्यांना कोण काय म्हणायचं. मुलांसमोरच विचारा.

मी जून-जुलैचा अभ्यास या मुलांसाठी आधीच वेगळा काढून ठेवते. पहिला आठवडा वर्गातलं एक मूल जोडीला देते. आणि भिंतीवरच्या नकाशात ज्याच्या त्याच्या घराण्याचं मूळ गाव लावतो, तिथे गोव्याच्या टिकलीबरोबर नेपाळचीही टिकली लागते.