वर्दीतली कबुली

दिवाळीच्या रजेवर आलेला जवान निमगाव केतकीच्या पानमळ्यात दिसला, की गावाची छाती फुगते. पण उद्या त्याच्यावर बालंट आले तर?

चोराने फौजदारापुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा ठरत नाही. १८७२ च्या कायद्यातले हे २५ वे कलम. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २३ वे झाले. हा अधिनियम कोर्टमार्शललाही लागू आहे. मात्र मनाई आहे ती पोलिसांपुढच्या कबुलीला, आणि सेनाधिकारी काही पोलीस नव्हे! ज्याच्या हुकुमावर जवानाने उठायचे-बसायचे, त्याच्यापुढची कबुली पुराव्यात येऊ शकते. धाकाने वा आमिषाने घेतलेली कबुली बाद होते, हे खरे. पण तो धाक उघड करायला साक्षीदार आणायचे कुठून? ते तर त्याच अधिकाऱ्याच्या हाताखालचे!

"अशाने शिस्त मोडेल," असे कुणी म्हणेल. शिस्त रणांगणावर हवीच. न्यायासनापुढे हवे ते सत्य. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण दिले खरे, पण अपील निकालानंतरचे.

जवानाच्या नावाने आपण पणती लावतो. चोराला दिलेले कवच त्यालाही द्या, एवढे तरी मागू या.