दुकान टाकण्याआधी दहावीचं गणिताचं पुस्तक उघडा



मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, दहावीला गणितात मला कसेबसे पस्तीस होते. मला धंदा जमेल का?" मी म्हटलं, जमेल ताई, पण ते पुस्तक पुन्हा काढावं लागेल. वर्गात सगळे हसले. मी मात्र गंमत करत नव्हतो.

माझं स्पष्ट मत आहे. मार्केटिंगचा महागडा कोर्स करण्याआधी, कर्जाची फाइल टाकण्याआधी, शाळेतल्या तीन गोष्टींचा सराव करा: अपूर्णांक, सरासरी आणि संभाव्यता. बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये शेवटची तीन प्रकरणं आहेत: अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. परीक्षेसाठी आपण ती पाठ केली आणि सोडून दिली. खरं तर दुकानदाराचं अर्धं काम तिथेच लिहिलेलं आहे.

माझी पहिली दिवाळी

आर्णीला रेडिमेड कपड्यांचं दुकान टाकलं तेव्हा हातात बीबीएची डिग्री होती. ८०० रुपयांचा ड्रेस मी १,००० ला लावायचो. म्हणजे २५ टक्के नफा. पहिल्याच दिवाळीत बोर्ड लावला, "२० टक्के सूट". डोक्यात हिशेब असा, की २५ मधून २० गेले तरी ५ टक्के उरतील. गर्दी अशी झाली की जेवायला वेळ नाही.

दिवाळीनंतर वही काढली तर हातात शून्य. १,००० वर २० टक्के म्हणजे २०० रुपये. ड्रेस गेला ८०० ला, जेवढ्याला आणला तेवढ्यालाच. भाडं, लाइट बिल, पोराचा पगार, सगळं पदरचं गेलं.

चूक कुठे झाली? २५ टक्के हे खरेदीवर होते, २० टक्के विक्रीवर. दोघांचा छेदच वेगळा. छेद वेगळा असला की सरळ वजाबाकी करायची नाही, हे पाचवी-सहावीत शिकवलेलं असतं. आता ही ट्रिक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: खरेदीवर पाव नफा म्हणजे विक्रीवर पाचवा हिस्सा. खरेदीवर तिसरा हिस्सा म्हणजे विक्रीवर पाव. खरेदीवर निम्मा म्हणजे विक्रीवर तिसरा हिस्सा. छेदात एक मिळवायचा, झालं.

जीएसटीतही तेच. १८ टक्के टॅक्स धरून बिल १,१८० चं असेल तर त्यातला टॅक्स १८० रुपये. १,१८० चे १८ टक्के काढाल तर २१२ रुपये ४० पैसे येतील, आणि ते चूक आहे.

आपले आजोबा शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी म्हणायचे. ते सगळे अपूर्णांकांचे पाढेच होते. म्हणून बाजारात त्यांना कोणी सहज फसवू शकत नव्हतं.

सरासरी खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगते

समजा एका आठवड्याचा गल्ला असा आहे: २,०००, २,५००, २,५००, ३,०००, ४,०००, ५,००० आणि बाजाराच्या दिवशी १६,०००. बेरीज ३५,०००. सरासरी, म्हणजे पुस्तकातला मध्य, रोजचे ५,०००. पण नीट बघा, सातपैकी पाच दिवस गल्ला ५,००० च्या खालीच आहे. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर येतो ३,०००. हा मध्यक. तुमचा साधा दिवस हा आहे.

मग खरं कोणतं? दोन्ही. महिन्याचं भाडं निघेल का, हे बघायला सरासरी घ्या, कारण तिथे एकूण पैसा लागतो. पण रोज किती माणसं ठेवायची, घरखर्चाला गल्ल्यातून किती काढायचं, हे मध्यकावरून ठरवा. सरासरी बघून दोन पोरं कामाला ठेवली की बाजाराचा दिवस सोडून दोघं मोबाइल बघत बसतात.

तिसरा भाऊ बहुलक. सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा. शर्टाच्या साइजची सरासरी काढून काय उपयोग? ४०.६ साइजचा शर्ट कोणी शिवत नाही. कोणता साइज सर्वात जास्त खपला, ते मोजा आणि तो जास्त भरा.

उधारी म्हणजे संभाव्यता

पुस्तकात नाणी, फासे, पत्ते असतात. आपल्याकडे असते उधारी. तोच १,००० चा ड्रेस दहा जणांना उधार दिला. एकाने बुडवला तर नऊ जणांकडून नफा १,८०० आणि बुडाले ८००. हातात उरले १,०००. दोघांनी बुडवला तर आठ जणांचा नफा १,६०० आणि बुडाले १,६००. सगळी मेहनत पाण्यात. म्हणजे दहात दोन ही तुमची हद्द, आणि त्यात भाडं अजून धरलेलंच नाही.

आता ही शक्यता दरवर्षी सारखी नसते. आपला यवतमाळ जिल्हा कापूस-सोयाबीनवर चालतो. पैसेवारी पेपरात येते ना, ती नुसती शेतकऱ्यासाठी नाही. निवडक शेतांतलं पीक कापून, मोजून, गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं ते ठरवतात. म्हणजे सांख्यिकीही आली आणि अपूर्णांकही. सप्टेंबरमध्ये नजरअंदाज, मग सुधारित, आणि डिसेंबरअखेर अंतिम पैसेवारी येते. ती ५० पैशांच्या आत असेल तर समजा, गेल्या वर्षी दहात एक बुडवणारा होता, तर यंदा दोन-तीन होऊ शकतात. माणसं वाईट झाली म्हणून नाही, घरात पैसाच आला नाही म्हणून. अशा वर्षी उधारी आधीच आवरा. नंतर ओळखीच्या माणसाच्या दारात वसुलीला जाण्यापेक्षा ते बरं.

"पण सर, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे की!"

आहे. माझ्याकडेही होता, त्या दिवाळीत. कॅल्क्युलेटर गुणाकार बरोबर करतो. टक्के कशावर काढायचे हे त्याला कळत नाही. आणि समोर गिऱ्हाईक "किती कमी करता?" म्हणून उभं असतं तेव्हा उत्तर डोक्यातूनच यावं लागतं. ते फक्त सरावाने येतं. एकदा व्हिडिओ बघून येत नाही, माझासुद्धा.

गृहपाठ, ३० दिवसांचा

१. ई-बालभारतीच्या साइटवरून पुस्तक मोफत उतरवा. रोज तीन गणितं, पेनाने.

२. दुकान असेल तर रोजचा गल्ला लिहा. नसेल तर ओळखीच्या दुकानदाराकडे रोज एक तास बसा आणि गिऱ्हाईकं मोजा. रविवारी मध्य, मध्यक, बहुलक काढा.

३. घरात मागच्या वर्षी दिलेल्या उसन्या पैशांची यादी करा. दहातले किती परत आले?

त्या ताई आता हळद-तिखटाची पाकिटं विकतात. परवा फोनवर म्हणाल्या, "सर, व्यापारी पंधरा टक्के कमिशन मागत होता. मी विचारलं, कशावर?"

बस, हा प्रश्न तुमच्या तोंडून आला की अर्धी लढाई जिंकलात. पेन घ्या, सुरुवात करा. भेटू पुढच्या व्हिडिओत.