बिस्टेक करा, पण मसाल्याचा डबा बंद ठेवून

फिलिपिन्समध्ये घरोघरी होणारा बिस्टेक आपल्या स्वयंपाकघरात सहज जमण्यासारखा आहे. बीफचे पातळ काप, सोया सॉस, कालामानसी नावाच्या छोट्या लिंबाचा रस, लसूण, मिरी आणि भरपूर कांदा, एवढंच सामान लागतं. ज्यांच्या घरी हे मांस चालतं आणि ज्यांना नेहमीच्या रश्शापेक्षा वेगळं काही करून बघायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. विनंती एकच: पहिल्यांदा तो तिथे होतो तसाच करा.

हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण मांस समोर आलं की आपला हात आलं-लसणाच्या वाटणाकडे, हळदीकडे आणि गरम मसाल्याकडे आपोआप जातो. बिस्टेकमध्ये यातल्या कशालाच जागा नाही. त्याची सगळी चव सोयाचा खारटपणा, लिंबाचा आंबटपणा आणि कांद्याचा गोडवा या तिघांच्या मेळावर उभी असते. चमचाभर गरम मसाला पडला की तो मेळ बिघडतो आणि ताटात येतं ते आपलंच सुकं, फक्त सोया घातलेलं. ही चव घडायला काही शतकं लागली आहेत. सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांबरोबर आला, कांदा घालून बीफ परतण्याची रीत 1565 ते 1898 पर्यंत चाललेल्या स्पॅनिश राजवटीतली, आणि कालामानसी तर तिथल्या परसातलंच झाड. एवढ्या साध्या पदार्थात भर घालण्याआधी तो एकदा समजून घ्यायला हवा.

आता मांसाबद्दल. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर बंदी जुनीच आहे. 2015 पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. त्यामुळे आपल्या बाजारात जे मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं मांस. ते परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या. हे मांस बिस्टेकला कमी प्रतीचं, असं अजिबात समजू नका. भारतातून निर्यात होणारं म्हशीचं मांस फिलिपिन्समध्येही जातं आणि तिथल्या डबाबंद मांसाच्या कारखान्यांत वापरलं जातं. फक्त ते थोडं चिवट असतं, म्हणून दुकानदाराकडे ‘अंडरकट’ मागा. पाठीच्या कण्याखालचा हा भाग सगळ्यात मऊ. तो नसेल तर मांडीचा बिनहाडाचा तुकडा घ्या, मात्र शिजवायला वेळ जास्त द्या.

कापण्याकडे लक्ष द्या, अर्धं काम तिथेच होतं. तुकडा अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा. तो घट्ट झाला की सुरी सरळ चालते. मग मांसाचे धागे कोणत्या दिशेला जातात ते बघा आणि त्यांना आडवं कापा. काप अर्ध्या सेंटीमीटरहून जाड नको. धाग्यांच्या दिशेने कापलं तर उत्तम अंडरकटही दाताला चिवट लागेल, मग कितीही वेळ मुरवा.

अर्धा किलो मांसाला पाच मोठे चमचे सोया सॉस, तीन मोठे चमचे रस, चार-पाच ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि अर्धा छोटा चमचा भरड मिरी. मीठ घालू नका. आपल्याकडे चायनीजसाठी आणतात तो डार्क सोया इथे नको, त्याने रंग काळाकुट्ट होतो आणि चव जड पडते. लाइट सोया घ्या. कालामानसी आपल्याकडे मिळणं कठीण. ते लहान, गोल असतं, आत नारिंगी गर, आणि आंबटपणात संत्र्याची हलकी झाक. म्हणून दोन चमचे कागदी लिंबाचा रस आणि एक चमचा संत्र्याचा, असं मिसळलं की चव बरीच जवळ जाते. व्हिनेगर वापरू नका. त्याचा तिखट वास कांद्यावर मात करतो.

हे सगळं काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात मुरवा, ॲल्युमिनियमच्या नको. फ्रिजमध्ये एक तास पुरे, फार तर तीन. रात्रभर ठेवलं की मांस मऊ होतं हा समज इथे उपयोगाचा नाही: आंबट रसात फार वेळ राहिलेलं मांस वरून पिठूळ होतं आणि आत चिवटच राहतं.

कांद्याबाबत मात्र हात आखडू नका. अर्धा किलो मांसाला दोन मोठे कांदे हे कमीत कमी. चकत्या बोटाच्या पेराएवढ्या रुंद नकोत, पण विरघळतील इतक्या पातळही नकोत. आपला उन्हाळ कांदा यासाठी उत्तम. फिलिपिनी माणसाला कांदा किती लागतो हे 2022च्या डिसेंबरात जगाने पाहिलं. तिथे कांदा किलोला 700 पेसोंपर्यंत चढला, मांसापेक्षा महाग झाला, आणि पुढच्या महिन्यात परदेशातून परतलेल्या विमान कर्मचाऱ्यांच्या सामानातून कांदे जप्त झाले. लासलगावच्या बाजाराकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला आणि भाव चढला की चिमटा बसणाऱ्या आपल्या घराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

तीन चमचे तेल बिडाच्या तव्यावर किंवा जाड पॅनमध्ये तापवा. आधी अर्धा कांदा मिनिटभर परतून बाजूला काढा. तो करकरीत राहिला पाहिजे. मग मांस मुरवणातून काढून निथळून घ्या. मुरवण टाकू नका. आच मोठी ठेवा आणि काप थोडे थोडे घाला, एकमेकांना चिकटू देऊ नका. सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं, मांस भाजायच्या ऐवजी उकडतं आणि करडं दिसतं. काप टाकल्यावर मिनिटभर हलवू नका. कडा तपकिरी झाल्या, सोयाचा खमंग वास सुटला की उलटा. सगळे भाजून झाले की त्याच तव्यात उरलेला कांदा, मुरवण आणि वाटीभर पाणी घालून खळखळून उकळी आणा. त्या मुरवणात कच्चं मांस होतं, त्यामुळे उकळल्याशिवाय ते कधीही वरून ओतू नका.

काप परत घाला. अंडरकट असेल तर पाच-सात मिनिटं पुरतात. मांडीचं मांस असेल तर झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास द्या, लागेल तसं गरम पाणी घाला. घाई असेल तर कुकर लावा, पण मांस भाजून झाल्यावर. शेवटी चव बघा. फार खारट वाटलं तर पाणी, फिकं वाटलं तर थोडं लिंबू. बाजूला ठेवलेला करकरीत कांदा वर पसरा आणि लगेच वाढा.

सोबत साधा मऊ भात. बासमती नको, त्याचे सुटे दाणे रस धरत नाहीत, इंद्रायणी करा.

ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी जपून खावं. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे. अशा घरात सोया निम्मा करा आणि लसूण, लिंबू वाढवा. बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो, गव्हाची ॲलर्जी असेल तर बाटलीवरचा मजकूर वाचा.

बीफ घरात चालत नसेल तर बिस्टेक सोडून द्यायचं कारण नाही. फिलिपिन्समध्ये बांगुस नावाच्या माशाचा आणि टोफूचाही बिस्टेक होतो. आपण सुरमईच्या तुकड्या घ्याव्यात, पंधरा मिनिटं मुरवाव्यात, तळून वर तोच रस आणि कांदा घालावा.

दुबई, दोहा, मस्कतला राहणाऱ्या मराठी वाचकांना आणखी एक सांगणं. तुमच्या ऑफिसात, इस्पितळात, हॉटेलात फिलिपिनी सहकारी असतीलच. अस्सल कालामानसी तिथल्या फिलिपिनी दुकानात मिळेल, पण त्याहून मोलाचं म्हणजे त्यांच्या घरची कृती. कुणी कांदा शेवटी घालतं, कुणी त्यात बटाट्याच्या तळलेल्या चकत्या टाकतं, कुणी चिमूटभर साखर. जेवणाच्या सुट्टीत त्यांना विचारा, तुमच्या घरी कसा करतात म्हणून. आणि पुढच्या वेळी तुम्ही केलेला डबा त्यांच्यापुढे उघडा.