कावळा मारून कचरा जाणार आहे का?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. डोंबिवली पूर्व, सात मजली इमारत, वर गच्ची. आमच्याच एका काकांनी घरच्या घरी कावळा बनवलाय. थर्माकोल कापून अंग, त्यावर कचऱ्याची काळी पिशवी गुंडाळलेली, जुन्या रबरी चपलेची चोच, तारेचे पाय. खर्च म्हणे वीस रुपये. खाली अंगठ्यांची रांग आणि "काका, एक नंबर!"

मलाही कौतुकच वाटलं. म्हटलं, पापड-कुरडयांच्या राखणीला केला असेल. मग काकांचा पुढचा मेसेज आला. "हा टाकीवर बसवायचा, बाजूला चपातीचे तुकडे टाकायचे. आपला भाऊ बसलाय बघून बाकीचे उतरतात. मग एअरगन. भाच्याकडे आहे."

यालाही अंगठे! एकानेही "अहो काका, हे काय?" विचारलं नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी एक मान्य करतो. त्रास खरा आहे. गेटजवळच्या गुलमोहरावर घरटं आहे, पिल्लं आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या डोक्याला टोच बसली, रक्त आलं. दूध आणायला जाणारी पोरं घाबरतात. "निसर्गावर प्रेम करा" असं प्रवचन आजींना द्यायची माझी हिंमत नाही. पण हा त्रास किती दिवसांचा? पिल्लं तीन-चार आठवड्यांत घरटं सोडतात, त्यानंतर आईबापांची पहारेदारी हळूहळू संपते. तोवर आजींच्या हातात छत्री द्या, गेटवर पाटी लावा, वॉचमनला सांगून बाजूचं दार उघडं ठेवा. खर्च काकांच्या कावळ्यापेक्षाही कमी.

आणि आईबाप मारले तर? पिल्लं वर उपाशी मरणार. त्यात कोकिळेचं पिल्लूही असू शकतं बरं का! ती अंडी कावळ्याच्याच घरट्यात घालते. सकाळी कोकिळेचा आवाज रेकॉर्ड करून स्टेटसला ठेवायचा आणि दुपारी तिचं पाळणाघर उडवायचं, हे आपल्यालाच जमतं.

आता कायद्याचं बघू. "कावळ्याला कुठला आलाय कायदा?" असं ग्रुपवर एका साहेबांनी लिहिलंय. साहेब, तुमची माहिती जुनी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांचं एक वेगळं परिशिष्ट होतं, त्यात उंदीर, घुशींबरोबर कावळाही होता. 2022 च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच काढून टाकलं आणि 1 एप्रिल 2023 पासून ती दुरुस्ती लागू आहे. आता एखादा वन्यप्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारला ठरावीक भागापुरती, ठरावीक मुदतीची अधिसूचना काढावी लागते. सोसायटीच्या कमिटीला तो अधिकार कुणी दिला? शिवाय या कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नाही. आमिष दाखवणं, सापळा लावणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. टाकीवरचा थर्माकोलचा कावळा आणि चपातीचे तुकडे, याला आमिष नाही तर काय म्हणायचं?

"एअरगनला लायसन लागत नाही" हे आणखी एक. कमी ताकदीच्या एअरगनला लागत नाही, बरोबर. सुरीलाही लागत नाही! डोंबिवलीत दोन इमारतींमधलं अंतर किती असतं ते तुम्हीच सांगा. समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी वहिनी आपल्याला दिसते, तिच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. कावळा उडाला तर तो छर्रा जाणार कुठे? उद्या एखाद्या पोराचा डोळा गेला की हेच अंगठेवाले ग्रुप सोडून जातील.

मग कुणीतरी केनियाची बातमी टाकली. "बघा, तिथलं सरकार दहा लाख कावळे मारतंय!" हो, 2024 मध्ये केनियाने तसं जाहीर केलं होतं. पण ते कावळे मूळचे आपल्याकडचे, माणसांनी आणि जहाजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचवलेले. तिथे ते उपरे आहेत, तिथल्या छोट्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात म्हणून ते सरकार मागे लागलंय. इथे कावळा उपरा नाही. आगरी-कोळ्यांच्या या गावांत टॉवर आले, आपण आलो, त्याआधीपासून तो आहे.

कावळे वाढतात ते कशाने? गेटबाहेर सकाळी ठेवलेल्या फाटक्या पिशव्यांनी. चायनीजच्या गाडीमागे ओतलेल्या भाताने. मटणवाल्याच्या टाकाऊ मालाने. आधारवाडीचा आणि दिव्याचा कचऱ्याचा डोंगर आपण वर्षानुवर्षं पाहिला, धूर गिळला, वर घिरट्या घालणारे कावळे आणि घारी पाहिल्या. तिथे पक्ष्यांना बोलवायला कुणी थर्माकोलचा कावळा ठेवला होता का? दहा मारलेत तर शेजारच्या गल्लीतले दहा येतील. ताट वाढून ठेवलंय ना आपण! ओला-सुका कचरा वेगळा करायचा नियम आहे, झाकणाचे डबे मिळतात. आमच्या सोसायटीत डब्यांच्या खर्चाचा विषय तीन मीटिंगमध्ये पुढे ढकलला गेलाय. एअरगनला मात्र दहा मिनिटांत मंजुरी.

काकांचा कावळा वाया घालवू नका, त्याचं खरं काम वेगळं आहे. टाकीवरून काढा, पंख पसरून पायाला दोरी बांधा आणि वाळवणावर उलटा टांगा. मेलेला जातभाई दिसला की कावळे जमतात, कलकलाट करतात आणि मग काही दिवस तिकडे फिरकत नाहीत. गच्चीवर काळं फडकं टांगणाऱ्या आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. फक्त रोज जागा बदला, कारण कावळा हुशार, हलत नाही हे त्याला लगेच कळतं. वाळवण उचललं की तोही उतरवा. आणि घरट्याजवळ अजिबात टांगू नका, आईबाप जास्त चवताळतात. हो, कावळे चेहरे लक्षात ठेवतात. अमेरिकेत सिएटलला मुखवटे घालून केलेल्या प्रयोगात ज्या मुखवट्याने पकडलं, त्याच्यावर ते पुढे कित्येक वर्षं ओरडत राहिले. तेव्हा काका, भाच्याचा विचार करा.

शेवटचं. भाद्रपदात याच टाकीवर पितरांचं पान ठेवून आपण तासभर "काव काव" करत उभे राहतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की घरच्यांचे चेहरे उतरतात, मग गुरुजी दर्भाचा कावळा करून शिवायला लावतात. नकली कावळा बनवायची कला आपल्याकडे जुनीच आहे. पण ती, खरा आला नाही तर वापरायची असते. खरे मारून मग आयुष्यभर दर्भाच्या कावळ्यावर भागवायचंय का?

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. मी झाकणाच्या डब्यांचा विषय मांडणार आहे. तुमच्याही सोसायटीत असला एखादा व्हिडिओ फिरत असेल तर अंगठा देण्याआधी दोन ओळी लिहा. गप्प राहणाऱ्यांच्या जिवावरच बंदूक गच्चीवर चढते.