दसऱ्याच्या आत काम द्या

हा इशारा आधी मुकादमांना आणि वीटभट्टी-कोळसाभट्टीच्या मालकांना आहे. त्यानंतर, तितक्याच कडक शब्दांत, रायगडातल्या पेण आणि रोह्याच्या प्रशासनाला.

गणपती विसर्जन झालं की कातकरीवाड्यांत उचल वाटायला सुरुवात होते. आवणी कधीच संपलेली असते, कापणीला अवकाश असतो, हाताला काम नसतं. पोर तापानं फणफणलेलं असतं, डब्यात तांदूळ नसतो. नेमका त्याच दिवसांत मुकादम दारात येतो, काही हजार रुपये हातावर ठेवतो आणि नवरा-बायकोच्या जोडीचे अंगठे वहीत उठवून घेतो. दिवाळी झाली की ट्रक वाडीच्या टोकाला लागतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं त्यात चढतं. वाडीत उरतात म्हातारी माणसं.

ती वही एकदा उघडून बघा. एका बाजूला उचल. तिच्याखाली दर आठवड्याची खर्ची, दवाखाना, बाजार. दुसऱ्या बाजूला थापलेल्या विटांची हजारी. पहाटे तीनला उठून जोडीनं माती मळलेली असते, साच्यात थापलेली असते. अवकाळी पाऊस येतो, कच्च्या विटा भिजून चिखल होतात आणि त्या हजारीतून वजा होतात. मालाचा मालक भट्टीवाला, नुकसान मात्र मजुराचं! पोरांनी वाहिलेल्या विटांचा हिशोब त्या वहीत कुठेच नसतो. पावसाच्या तोंडावर हिशोब होतो तेव्हा अंगावर बाकी निघते. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तोच ट्रक.

मुकादमांनो, मालकांनो, नीट वाचा. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. उचलीच्या बदल्यात माणसाचं येणं-जाणं किंवा दुसरीकडे काम करण्याचं स्वातंत्र्य काढून घेतलं, तर ती वेठबिगारी ठरते आणि त्या उचलीची बाकी कायद्यानंच संपते. संपलेल्या बाकीपोटी एक रुपया जरी वसूल केला तरी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ही वेठबिगारीची बाकी नाही, हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर नाही, तुमच्यावर आहे. आणि किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवून घेणं म्हणजे सक्तीचं श्रम, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच सांगितलं आहे. मजूर आदिवासी असेल तर अॅट्रॉसिटीचा कायदाही लागतो. ‘त्यानं राजीखुशीनं अंगठा दिला’ हे उत्तर यापुढे चालणार नाही. उपाशी माणसाच्या अंगठ्याला राजीखुशी म्हणत नाहीत.

आता प्रशासन. मुकादम भाद्रपदात वाडीत पोचतो, कारण त्याच्या आधी तिथं सरकार पोचलेलं नसतं. महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. देशानं तो नंतर उचलला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, हा त्याचा गाभा. पण वाडीवरची जॉबकार्डं दुसऱ्याच कुणाच्या कपाटात पडून असतात, तोंडी मागणी ऐकून सोडून दिली जाते आणि कामं निघतात ती माणसं भट्टीवर गेल्यावर. बांधबंदिस्ती, वनतळी, रोपवाटिका, फळबाग यांतलं एखादं काम भाद्रपद-आश्विनात निघालं आणि मजुरी आठवड्याला हातात पडली, तर उचलीची गरजच उरत नाही. सारा प्रश्न या दोन महिन्यांचा आहे.

आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय पेणलाच आहे. कातकरी हा राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक, त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना सुरू झाली. तिच्यातली घरकुलं झाली पाहिजेत, आमचा त्याला विरोध कसा असेल? पण ज्या घराला सहा महिने कुलूप लागतं, त्या घरानं पोट भरत नाही. कित्येक वाड्यांच्या पायाखालची जमीन आजही दुसऱ्याच्या नावावर आहे, आणि मुंबई जवळ आल्यापासून तिचा भाव वाढतोच आहे. रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथं लागू नाही. त्यामुळेच २००६ चा वनहक्क कायदा इथं जास्तच मोलाचा. कातकरी-ठाकरांनी पिढ्यानपिढ्या कसलेल्या डोंगरउतारावरच्या दळी जमिनींचे दावे किती वर्षं पडू द्यायचे? शेजारच्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापुरात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांना विकली. इथल्या डोंगरातही गुळवेल आहे, मोह आहे. इथल्या पोरांत काय कमी आहे?

आणि डोलवीचा पोलाद कारखाना पेण तालुक्यातच आहे, धाटावची एमआयडीसी रोह्यात. उद्योगांत ८० टक्के स्थानिक घ्यावेत, हे राज्याचं जाहीर धोरण आहे. वाडीवरच्या किती पोरांना तिथं कायमची नोकरी आहे, ते कारखान्यांनी नावानिशी जाहीर करावं.

आमच्या मागण्या दसऱ्याच्या आत पुऱ्या झाल्या पाहिजेत. पितृपक्ष लागताच वाडीवाडीतून कामाच्या मागणीचे लेखी अर्ज येतील. प्रत्येकाला तारखेसह पोच द्या आणि पंधरा दिवसांत काम सुरू करा. वेठबिगार कायद्याखालच्या पेण आणि रोह्याच्या उपविभागीय दक्षता समित्यांच्या बैठका वाडीवर घ्या, कचेरीत नव्हे. जे आपल्या मर्जीनं भट्टीवर जातील त्यांचा दर, उचल आणि मालकाचं नाव ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवा. त्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह दिवाळीआधी उघडण्याचा लेखी आदेश काढा. पडून असलेल्या वनहक्क दाव्यांवर सुनावणीच्या तारखा लेखी द्या.

हे झालं नाही, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून पेणच्या प्रकल्प कार्यालयासमोर आणि रोह्याच्या प्रांत कचेरीसमोर वाड्या येऊन बसतील. पोरांसह, चुलींसह. कुणाच्या अंगाला हात लागणार नाही, पण लेखी आदेश हातात पडल्याशिवाय कुणी उठणारही नाही. वाडीवर येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर, मुकादमाचं नाव आणि उचलीची रक्कम टिपली जाईल आणि त्याच दिवशी तक्रार पोलीस ठाण्यात व जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. तक्रार घेतली नाही, तर न घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावानिशी आम्ही उच्च न्यायालयात जाऊ. आणि गेल्या हंगामाची जी बाकी तुमच्या वहीत आमच्या नावावर दिसते आहे, ती यंदा कुणी फेडणार नाही.