गिझर बाथरूमच्या बाहेर काढा

थंडी पडू लागली की आमच्या कल्याणच्या दवाखान्यात एका ठरावीक तक्रारीचे रुग्ण येऊ लागतात. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास नवरा बायकोला, नाहीतर आई मुलीला हाताला धरून आणते. "आंघोळीला गेली आणि चक्कर येऊन पडली." कोणी म्हणते अशक्तपणा आहे, कोणी म्हणते पित्त झाले, सासूबाई म्हणतात उपास फार करते. डोके जड, मळमळ, पायात गोळे आल्यासारखे वाटते. बाहेर बाकावर तासभर बसली की बरे वाटते, आणि मग सलाईन लावा असा आग्रह सुरू होतो.

अशा वेळी रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता मी विचारतो, घरात पाणी कशावर तापते? उत्तर येते, गॅस गिझर. कुठे बसवला आहे? बाथरूममध्येच. खिडकी उघडी असते का? "थंडी आहे ना डॉक्टर, काच लावून घेतो." बहुतेक वेळा निदान इथेच होते.

गॅस जळायला हवा लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. सिलिंडरमधल्या गॅसच्या एका भागाला साधारण पंचवीस ते तीस भाग हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे चार मोठे बर्नर एकदम पेटवल्याइतका जाळ. आता खडकपाड्याच्या किंवा आधारवाडीच्या नव्या इमारतींतले चार बाय सहाचे बाथरूम डोळ्यांसमोर आणा. दार बंद, खिडकीच्या पट्ट्यांवर प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला, आणि आत हा जाळ. दहा मिनिटांत तिथली हवा भराभर कमी कसाची होत जाते. प्राणवायू अपुरा पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, गुदमरल्यासारखेही होत नाही. लोक म्हणतात, गॅसचा वास आला असता तर कळले असते. वास येतो तो गळणाऱ्या गॅसला, तोही कंपनीने मुद्दाम मिसळलेला असतो. या विषाला तशी सोय नाही.

रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. त्यामुळे फुप्फुसे ठीक, हृदय ठीक, पण मेंदूला प्राणवायू पोहोचत नाही. माणूस आधी गोंधळतो, पाय लटके पडतात. कडी उघडावी असे मनात आले तरी हात उचलत नाही. म्हणून यात वाचणे पुष्कळदा घरातल्या कोणाच्या तरी दार ठोठावण्यावर अवलंबून असते.

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीची एक पंधरा वर्षांची मुलगी आंघोळीला गेली असता बेशुद्ध झाली आणि पुढे रुग्णालयात दगावली. मार्च २०२३ मध्ये होळीचे रंग खेळून आलेले घाटकोपरचे एक दांपत्य बाथरूममध्ये मृत सापडले, तेव्हाही संशय गिझरकडेच गेला. अशी बातमी वाचून आपण चुकचुकतो आणि दुसऱ्या दिवशी खिडकी लावून आंघोळीला जातो.

या आजाराची एक खूण मला नोंदवावीशी वाटते. घरात पहिल्यांदा आंघोळ करणाऱ्याला सहसा काही होत नाही. मुले शाळेला जायची, साहेबांना सात-बावीसची लोकल गाठायची, म्हणून एकापाठोपाठ एक आंघोळी उरकतात आणि गिझर बंद असा होतच नाही. तिसऱ्या-चौथ्याच्या वेळेला आतली हवा पार खराब झालेली असते. शेवटी जाते ती घरातली बाई. तीही नुसती आंघोळ करत नाही, दार लावून कपडेही धुते. माझ्याकडे येणाऱ्यांत बायका जास्त का, याचे उत्तर त्यांच्या अशक्तपणात शोधू नये. गरोदर बाईच्या बाबतीत तर पोटातल्या बाळाला आईपेक्षाही अधिक धोका असतो.

आता देखभालीविषयी. चैत्रापासून दिवाळीपर्यंत बऱ्याच घरांत गिझर बंद असतो. त्या सहा-सात महिन्यांत बर्नरच्या भोकांत धूळ बसते, कोळी जाळे विणतो, झुरळे वस्ती करतात. मग नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी तो तसाच पेटवला जातो! वास्तविक नवरात्र आटोपले की माहीतगार कारागिराला बोलवावे. झाकण उघडून बर्नर ब्रशने साफ करणे, वरच्या तांब्याच्या पात्यांमधली काजळी काढणे, धूर बाहेर पडायची वरची जाळी मोकळी करणे, ही मुख्य कामे. पात्यांत काजळी साचली की धूर अडतो, धूर अडला की ज्वाला गुदमरते आणि आणखी काजळी धरते. बोअरचे किंवा टँकरचे पाणी असेल तर नळीत क्षारही बसतात. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलावी, भेग दिसली तर त्याआधीच. सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत, काडी ओढून नव्हे. ज्यांच्याकडे आता पाइपचा गॅस आला आहे त्यांनी सिलिंडरचा जुना गिझर परस्पर त्याला जोडू नये. दोन्हींच्या जेटची भोके वेगळ्या मापाची असतात.

ज्वाला निळी आणि स्थिर असावी. पिवळी, लवलवणारी ज्वाला किंवा गिझरच्या वरच्या फरशीवर काळा डाग दिसला तर त्या दिवशी पाणी शेगडीवर तापवा, गिझर दुरुस्त होईपर्यंत लावू नका. पण निळी ज्वाला म्हणजे अभय नव्हे. चकचकीत साफ केलेला गिझरसुद्धा बंद खोलीत हवा संपली की तेच विष सोडतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. गॅस गिझर बाथरूममध्ये असूच नये. तो गॅलरीत किंवा मोकळ्या भिंतीवर लावावा आणि नळीने फक्त गरम पाणी आत घ्यावे. खर्च येतो तो काही फूट पाइपाचा आणि प्लंबरच्या अर्ध्या दिवसाचा. आमच्या लहानपणी पारनाक्याकडच्या वाड्यांत तांब्याचा बंब असे. तो पेटायचा मागच्या पडवीत, आणि पाणी बादलीतून मोरीत यायचे. त्या म्हाताऱ्या मंडळींना कार्बन मोनॉक्साइड हे नाव ठाऊक नव्हते, पण विस्तव बंद खोलीत ठेवायचा नाही एवढे पक्के ठाऊक होते. आपण विस्तवाला डबा घातला, तो भिंतीवर टांगला आणि तो विस्तव आहे हेच विसरलो.

एक्झॉस्ट पंखा आहे, असे काहीजण सांगतात. पंखा हवा बाहेर ओढतो खरे, पण दाराखाली फट नसेल तर नवी हवा आत येणार कुठून? शिवाय त्याचे बटण वेगळे असते आणि पहाटे ते विसरले जाते. जागेअभावी गिझर बाहेर नेता येतच नसेल, तर दार उघडे ठेवून आधी बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा आणि मग कडी लावावी. भाड्याच्या घरात एवढे तरी कोणालाही करता येते. सोसायट्या गणपतीची वर्गणी दारोदार फिरून गोळा करतात, तशीच एक फेरी दिवाळीआधी कोणाचा गिझर कुठे आहे हे पाहायला मारावी, असे मला वाटते. लोकांना ते आवडणार नाही, पण मारावी.

आत कोणी पडलेच तर दार उघडा किंवा तोडा, श्वास रोखून आत जा, गिझर बंद करा आणि माणसाला मोकळ्या हवेत ओढून आणा. कांदा हुंगवण्यात, तोंडात पाणी ओतण्यात वेळ घालवू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा, नसेल तर येत असल्यास छाती दाबणे सुरू करा. १०८ ला फोन करा. रुग्णालयात गेल्यावर पहिले वाक्य हे सांगा : बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता. २०२० च्या साथीपासून घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. ते अशा वेळी ९८ दाखवील, कारण हा वायू आणि प्राणवायू यांतला फरक त्याला कळत नाही. आकडा पाहून घरी परतू नका. साध्या हवेत हे विष निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने भरपूर प्राणवायू दिला तर तास-दीड तासात तेवढे उतरते. माणूस शुद्धीवर आला, चहा प्यायला, म्हणून फाइल बंद करू नये. काहींना दोन-तीन आठवड्यांनी विसराळूपणा येतो, स्वभाव बदलतो, चालताना तोल जातो. तसे दिसल्यास त्याला घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा यावे आणि गिझरची हकीकत पुन्हा सांगावी.